फियाटची संध्याकाळची फेरी

जयनगरच्या तिसऱ्या ब्लॉकात श्रीरंगराव आठल्यांना त्यांच्या नावाने ओळखणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. ‘फियाट अंकल’ म्हणा, इस्त्रीवालासुद्धा तुम्हाला थेट फाटकापर्यंत आणून सोडेल. फाटकाच्या आत, पत्र्याच्या शेडखाली ती उभी असते. फिकट निळी, गोल पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेली. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली ही गाडी श्रीरंगरावांनी दुसऱ्या कोणाच्या हातात म्हणून दिली नाही. सख्ख्या मुलीला एकदाच चालवू दिली, आणि तेव्हाही शेजारी बसून तिच्या क्लच दाबण्यावर एवढं प्रवचन दिलं की पोरीने पुढे जन्मात किल्ली मागितली नाही.

माणूस मूळचा मिरजेचा. इंजिनिअर होऊन बेंगळुरूला आला तो सरकारी कारखान्यात चिकटला. विमानांची इंजिनं चाचणीला चढवायची, ती का तापली, का कुरकुरली, का बंद पडली याचा छडा लावायचा, हे त्यांचं खातं. निवृत्त होईपर्यंत दुसरं काही केलं नाही आणि करायची इच्छाही नव्हती. छडा लावायची त्यांची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जी गोष्ट एकदा तपासून पास केली तिच्याकडे परत फिरकायचं नाही. शंकेखोर माणूस एकाच जागी घुटमळतो, असं ते हाताखालच्या पोरांना दरडावून सांगत. कारखान्यात या पद्धतीने त्यांना कधी दगा दिला नाही. सगळा दगा तिने म्हातारपणासाठी राखून ठेवला होता.

त्यांच्या बायकोला, प्रमोदिनीबाईंना, विसरण्याचा आजार जडला होता. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव, असं करत करत एक दिवस घरच विसरलं. दिवसा ठीक असायचं. पण संध्याकाळी दिवे लागले की त्या उठायच्या, पिशवीत एक साडी आणि कंगवा भरायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. ‘चला हो, घरी जाऊ या. लोक काय म्हणतील, किती वेळ बसायचं?’ ज्या घरात त्यांनी मुलगी वाढवली, ज्या घरात सासूचं शेवटचं दुखणं काढलं, त्याच घराच्या उंबऱ्यावरून त्या हे म्हणत.

श्रीरंगरावांनी आधी पुरावे दिले. इंजिनिअरच तो. लाइटचं बिल दाखवलं, भिंतीवरचे फोटो दाखवले, दारावरची पाटी दाखवली. बाईंनी पाटी वाचली, ‘हो, आठल्ये, माझ्या सासरचे लोक’ म्हणाल्या आणि पुन्हा पिशवी उचलली. अडवलं तर ओरडायच्या, बोचकारायच्या. एकदा समोरचे गुरुप्रसाद धावत आले, तर त्यांच्यादेखत हात जोडून म्हणाल्या, ‘अण्णा, ह्या गृहस्थांना सांगा, मला जाऊ द्या.’ चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारानंतर ‘हे गृहस्थ’ झालेल्या श्रीरंगरावांनी त्या दिवशी न्हाणीघराची कडी लावून घेतली आणि नळ सोडून रडून घेतलं.

मग एका संध्याकाळी हात टेकून ते म्हणाले, ‘चल, घरी सोडतो.’ बाईंना फियाटमध्ये बसवलं. अशोक पिलरवरून लालबागेच्या कडेने साउथ एंड सर्कलला वळसा घातला आणि परत आपल्याच फाटकात गाडी आणून उभी केली. बाईंनी बाहेर पाहिलं. ‘आलं बाई घर,’ म्हणाल्या, आत गेल्या, पाय धुतले आणि आमटीभात जेवल्या. श्रीरंगराव फाटक धरून उभेच राहिले. त्यांना आनंदाने हसावं की काय करावं ते कळेना.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फेरी. दुसरी गाडी मात्र चालत नसे. मुलगी यशश्री येलहंकाहून आपली नवी कोरी गाडी घेऊन आली, तर बाई दारालाच हात लावीनात. टॅक्सीत बसल्या आणि सिग्नलला उतरायला लागल्या. फियाटमध्ये मात्र पदर सावरून बसायच्या आणि ‘दुसरा गिअर टाका, कुरकुरतेय ती,’ असं सांगायच्याही. ती एक फेरी होती म्हणून रात्रीचं जेवण होतं आणि झोप होती. फेरी होती म्हणूनच बाई घरात होत्या, कारण यशश्रीने येलहंकाच्या पुढे एक केंद्र पाहून ठेवलं होतं, जिथे अशी माणसं ठेवतात. मुलगी काही वाईट नव्हती. बापाच्या हातावरचे ओरखडे तिने पाहिले होते.

आणि नेमकी तेव्हाच फियाट तापायला लागली.

श्रीरंगरावांनी स्वतः बसवलेला तापमानाचा काटा एरवी मधोमध उभा असायचा. तो अशोक पिलरच्या चढावर लाल खुणेकडे सरकला. मग रोजच सरकायला लागला. घरी पोचेपर्यंत बॉनेटखालून वाफ यायची. श्रीरंगराव फेरीच्या अर्ध्या वाटेत बायकोकडे बघायचे सोडून काट्याकडे बघू लागले.

शोध सुरू झाला. पाणी पाहिलं, ते लालसर दिसलं. जुन्या लोखंडाचा गंज, त्यांनी मनाशी म्हटलं. पंख्याचा पट्टा बदलला, काटा चढलाच. थर्मोस्टॅट काढला आणि दुधाच्या पातेल्यात उकळून पाहिला, वेळेवर उघडतो का ते. बाई शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, ‘लक्ष ठेवा हं, उतू जाईल.’ थर्मोस्टॅट चोख निघाला. पाण्याचा पंप खोलला, इग्निशनचं टायमिंग लावलं, ब्रेक धरून राहतायत का ते चाकं फिरवून पाहिलं. एका वेळी एक. रोज एक गोष्ट पास व्हायची आणि रोज संध्याकाळी काटा चढायचा. रेडिएटरकडे मात्र ते गेले नाहीत. तो उन्हाळ्यातच काढून, एकेक नळी घासून बसवला होता. पास झालेली वस्तू. वाफेला पेजेसारखा वास येतो हेही त्यांच्या नाकाला कळलं होतं, पण शेजारी भात शिजत असेल म्हणून त्यांनी तो वास सोडून दिला. छडा लावणाऱ्याने नाक बंद करून छडा लावायचा म्हणजे कमालच.

शेवटी विठोजी आले. हे बेंगळुरूतल्या जुन्या मराठा वस्तीतले. श्रीरंगरावांच्याच वयाचे. यांचं गॅरेज बंद झालं, पण फियाट म्हटली की अजून हात शिवशिवायचे. रेडिएटर उन्हाळ्यात त्यांनीच घासला होता, त्यामुळे तो त्यांच्याही लेखी पास होता. बराच वेळ कान लावून त्यांनी निकाल दिला, ‘अण्णा, हेडचं गास्केट गेलंय बघा. खोलाया पाहिजे.’

‘किती दिवस?’

‘स्वल्प दिवस. मशीनवर घासून यायला पाहिजे नव्हं?’

ते स्वल्प दिवस कसे गेले ते श्रीरंगरावांनी कोणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. इंजिनाचं डोकं उतरवून ठेवलेली फियाट शेडमध्ये, आणि संध्याकाळी दारात पिशवी घेऊन बाई. बाहेरून कुलूप लावलं तर त्यांनी दारावर डोकं आपटलं. चालत नेलं तर रस्त्यात बसल्या. एका संध्याकाळी श्रीरंगरावांनी त्यांना त्या उघड्या गाडीतच बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. पंचाहत्तरी ओलांडलेला, एकेकाळी कारखान्यात ज्याला अधिकारी घाबरायचे असा माणूस अंधाऱ्या शेडमध्ये घर्र घर्र करत गिअर बदलत होता. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्यांच्या दंडाला कडकडून चावल्या.

गास्केट बसलं, जुनं पाणी काढून नवं भरलं. पहिल्या संध्याकाळी काटा मधोमध राहिला. श्रीरंगरावांनी विठोजींना फोन करून एवढं कौतुक केलं की विठोजींना शंका आली, हे पिऊन बिऊन तर बोलत नाहीत ना. आठवडाभरात काटा पुन्हा चढायला लागला आणि एका शुक्रवारी साउथ एंड सर्कलला, ऐन गर्दीत, फियाट उकळली.

धुरळा उडावा तशी रेडिएटरने वाफ सोडली. मागे भोंग्यांचा कल्लोळ. एक रिक्षावाला ओरडला, ‘सार, स्वल्प सैडिगे हाकि!’ बाजूला घ्यायला गाडी चालू तर व्हायला हवी. श्रीरंगराव उतरले, फडकं धरून झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी मनगटावर घेतलं. कळ मस्तकात गेली. त्यांनी हात झटकला, डब्यातलं थंड पाणी ओतलं, मान वर केली, तर पुढची सीट रिकामी.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं. दार उघडं, आत पिशवी नाही. चारही बाजूंना रस्ते आणि सगळ्या रस्त्यांवर माणसं. ‘प्रमोदिनी!’ ते ओरडले. बायकोला त्यांनी आयुष्यात कधी नावाने मोठ्याने हाक मारली नव्हती. भाजलेला हात पोटाशी धरून ते बसस्टॉपकडे धावले, तिथून मेट्रोच्या जिन्याकडे, तिथून परत. एका मुलाने विचारलं, काय हरवलं अंकल? ते तसेच पुढे धावले. गाडी मागे तशीच, दारं उघडी, वाफ सोडत उभी होती आणि त्यांना तिचं काही वाटत नव्हतं.

फूल विकणाऱ्या एका बाईने त्यांना पाहिलं. तिच्या टोपलीमागे, पोत्यावर, प्रमोदिनीबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि तिला शेवंतीची फुलं दोऱ्यात ओवून देत होत्या. ‘निम्म मनेयवरा, सार?’ तिने विचारलं. तुमच्या घरच्याच का ह्या? श्रीरंगरावांनी मान हलवली आणि तिथेच फुटपाथवर बसले. बाई म्हणाल्या, ‘ह्या अक्का म्हणतायत, काम झालं की मला घरी सोडतील.’

यशश्रीला कळायचं ते कळलंच. ती दुसऱ्या दिवशी आली, बापाच्या मनगटाला मलम लावलं आणि रडत म्हणाली, ‘बाबा, मी तुम्हाला गाडी विका म्हणत नाही. पण पुन्हा एकदा हे रस्त्यात झालं ना, तर मी आईला घेऊन जाणार. आय कान्ट लूज हर लाइक दॅट, बाबा. ट्रॅफिकमध्ये!’ श्रीरंगराव नुसतं ‘सरी’ म्हणाले, म्हणजे बरं.

ती गेल्यावर ते शेडमध्ये स्टुलावर बसले. सगळं तपासून झालं होतं. सगळं पास होतं. आणि गाडी उकळत होती. जन्मभराच्या पद्धतीला त्यांनी त्या दुपारी एक सणसणीत शिवी हासडली, मिरजेची, जी बेंगळुरूत आल्यापासून वापरली नव्हती, आणि विठोजींना बोलावून रेडिएटर उतरवला.

वरची टाकी विठोजींनी जोडाचे डाग वितळवून उघडली. दोघांनी आत पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. टाकीच्या तळाशी, नळ्यांच्या तोंडावर, लालभडक घट्ट लगदा बसला होता. विठोजींनी बोटाने उकरून वास घेतला.

‘अण्णा, हा तर भात हाय.’

भातच होता. शिजून, गळून, पुन्हा शिजलेला. मध्ये एकदोन दाणे अजून अख्खे होते. त्यावरचा लाल रंग गंजाचा नव्हता. तो कुंकवाचा होता.

पुढचं श्रीरंगरावांना कोणी सांगायला नको होतं, तरी त्यांनी डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. रोज सकाळी ते फाटकाला कुलूप लावून माधवन पार्कात फिरायला जात आणि येताना दूध आणत. रेडिएटर परत बसल्यावर एका सकाळी ते निघाले, आणि मागच्या बोळातून येऊन शेडच्या खांबाआड उभे राहिले.

प्रमोदिनीबाई आल्या. न्हालेल्या, ओल्या केसांची गाठ मारलेली, हातात पूजेचं ताट. गेल्या कित्येक महिन्यांत साडीच्या निऱ्या ज्यांना जमत नव्हत्या त्या बाईंच्या निऱ्या एकसारख्या होत्या. त्यांनी आतली खिटी ओढून बॉनेट उघडलं, दांडी लावली. हळदकुंकू वाहिलं, पारिजातकाची फुलं वाहिली. ही फुलं श्रीरंगराव रोज बॉनेटवरून झटकायचे आणि झाडाला दोष द्यायचे. मग बाईंनी रेडिएटरचं झाकण काढलं, पळीभर तीर्थ घातलं आणि त्यामागून चिमूटभर अक्षता.

ही त्यांची खंडेनवमीची पूजा होती. बेंगळुरूत आयुधपूजेला गल्लीगल्लीत गाड्यांना केळीचे खुंट बांधतात, तसं यांच्याकडेही व्हायचं. श्रीरंगराव स्वतः बॉनेट उघडून उभे राहायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी ठणकावलं होतं, आत पाण्याशिवाय काही जाता कामा नये, अक्षता वरून वाहा. म्हणून इतकी वर्षं आत नुसतं तीर्थ जायचं. आजाराने बाईंचा नियम नेला आणि पूजा ठेवली. दिवसही नेले, त्यामुळे खंडेनवमी रोजच होती.

त्या ओवाळत होत्या. मागे वळल्या आणि नवऱ्याला पाहून सहज म्हणाल्या, ‘अहो, नारळ आणलात का?’

‘अहो’ ऐकून श्रीरंगराव खांबाआडून पुढे आले. किती दिवसांनी. ‘आणतो,’ ते म्हणाले.

तरी त्यांच्यातला इंजिनिअर मेला नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवशी बॉनेटला तारेचा फास घातला. बाई ताट घेऊन आल्या, बॉनेट ओढलं, पुन्हा ओढलं, आणि ताट खाली ठेवून पोरासारख्या हमसून हमसून रडल्या. ‘मला देवाचंसुद्धा करू देत नाहीत,’ असं म्हणत. श्रीरंगरावांनी पक्कड आणून तार तोडली. तोडताना तेही रडत होते. मग स्वयंपाकघरातली चहाची गाळणी आणली, दांडा कापला, ती रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवली. बाईंनी अक्षता घालायच्या, त्यांनी दुपारी गाळणी झटकायची. कारखान्यात कोणी असली तोड काढली असती तर त्यांनी त्याला पेढा भरवला असता.

त्या संध्याकाळी फियाट पहिल्या ठोक्याला सुरू झाली. अशोक पिलरचा चढ चढली, काटा मधोमध. लालबागेच्या कडेला गर्दीत ताटकळली, काटा मधोमध. साउथ एंड सर्कल कधी गेलं ते कळलंही नाही. श्रीरंगराव कितीतरी दिवसांनी खिडकीवर कोपर टेकून गाडी चालवत होते. भाजलेलं मनगट दुखत नव्हतं. ते चक्क शीळ घालत होते.

फाटक आलं. ‘आलं बरं का घर,’ ते म्हणाले.

बाईंनी बाहेर पाहिलं. त्या उतरल्या नाहीत.

‘हे नव्हे,’ त्या म्हणाल्या.

होतं असं कधीकधी. श्रीरंगरावांनी आणखी एक फेरी मारली. तोच चढ, तीच लालबाग, तेच सर्कल. पुन्हा फाटक. त्यांनी उतरून बाईंच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला. बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खूप दिवस मनात ठेवलेलं सांगावं तसं त्या हळू आवाजात बोलल्या.

‘तुम्ही रोज मला इथेच आणता. मला कळतं हो. हे आपलं घर नाही. पण रोज तुम्ही इतके दमलेले असता, घामाघूम, सारखे त्या काट्याकडे बघता. मला वाटतं, जाऊ दे, ह्यांना आता आणखी चालवायला नको. म्हणून मी आत येते.’ त्यांनी नवऱ्याचा हात थोपटला. ‘आज तुम्ही दमला नाहीत. आज गाडी पण छान आहे. आज न्या ना मला घरी.’

श्रीरंगराव दार धरून उभे राहिले. गुरुप्रसाद गच्चीवरून काहीतरी बोलले, ते त्यांना ऐकू आलं नाही. मग त्यांनी बायकोच्या बाजूचं दार हळूच लावलं, पलीकडून येऊन स्टिअरिंगवर बसले आणि गिअर टाकला. गाडी रस्त्याला लागली. बाई पदर सावरून, पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होत्या, खुशीत. कुठल्या बाजूला वळायचं ते श्रीरंगरावांना माहीत नव्हतं. त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि तो चढावा, आत्ता, इथेच गाडी उकळून बंद पडावी, म्हणून देवाची करुणा भाकली. काटा मधोमध होता. तो जागचा हलला नाही.